प्रोसेसर बदलला, हे बाकीच्या यंत्राला कोण सांगणार?

(धाराशिव येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, जुन्या पीसीत घालायचं प्रोसेसर अपग्रेड कार्ड आता कोणाला लागतंय?" प्रश्न रास्त आहे. नवं काम करायला कोणालाच लागत नाही. पण आपल्याकडे जुनी यंत्रं भंगारात जातात त्यापेक्षा माळ्यावर जास्त जातात. मग कधीतरी कोणाला नव्वद सालातली सभासदांची यादी हवी असते, कोणाचं मोजमापाचं यंत्र त्याच पीसीतल्या एका कार्डावर चालत असतं, आणि काही कॉलेजची मुलं हौसेने एक्सटी, एटी गोळा करतात. ही मुलं पहिली गोष्ट काय करतात? कुठून तरी अपग्रेड कार्ड मिळवतात आणि घालतात. मग यंत्र अडकतं. किंवा अडकत नाही, छान पळतं, आणि आतला मजकूर हळूहळू बिघडवत राहतं. मला भीती या दुसऱ्या प्रकाराची आहे. आज त्यावर जरा जास्त वेळ घेणार आहे.

आधी हे कार्ड का आलं ते बघू. आयबीएमचा पहिला पीसी १९८१चा. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. १९८३ला एक्सटी आला, प्रोसेसर तोच. १९८४ला एटी आला, त्यात ८०२८६. आणि १९८५ला इंटेलने ८०३८६ काढला, ३२ बिटांचा. कॉम्पॅकने १९८६मध्ये ३८६ घालून जो डेस्कप्रो काढला त्याची किंमत साडेसहा हजार डॉलरच्या घरात होती. म्हणजे अमेरिकेतल्या कंपन्याही दचकल्या. आणि टेबलावर तर लाखो एक्सटी बसलेल्या, धडधाकट. मग इंटेलनेच १९८७मध्ये 'इनबोर्ड ३८६/पीसी' नावाचं कार्ड काढलं. त्यावर १६ मेगाहर्ट्झचा ३८६ आणि स्वतःची मेमरी. हे कार्ड स्लॉटमध्ये बसवायचं, मदरबोर्डवरचा चाळीस पायांचा ८०८८ उपसून काढायचा आणि त्याच्या रिकाम्या सॉकेटमध्ये कार्डाच्या केबलचं टोक घालायचं. झालं अपग्रेड. निदान जाहिरातीत तरी एवढंच होतं.

आपल्याकडे १९८४च्या संगणक धोरणानंतर देशी बनावटीचे पीसी वाढले, तरी यंत्र एकदा घेतलं की दहा वर्षं वापरायचं हा हिशेब पक्का. म्हणून अपग्रेड हा शब्द आपल्या लोकांना फार आवडायचा. अजून आवडतो.

आता मुख्य मुद्दा. मदरबोर्ड, बायोस, डॉस, तुमचा प्रोग्रॅम, हे सगळे त्या जुन्या प्रोसेसरच्या सवयी धरून बनवलेले आहेत. तुम्ही प्रोसेसर बदलला, पण बाकीच्यांना कोणी कळवलंच नाही. त्यामुळे दोष शोधताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या यंत्रात अजून कोणाला वाटतंय की जुनाच प्रोसेसर बसलेला आहे?

वेगाचंच घ्या. ३८६ आतून ३२ बिट हाताळतो, पण एक्सटीच्या स्लॉटचा रस्ता आठ बिटांचा आणि ४.७७ मेगाहर्ट्झचाच. सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चौपदरी रस्त्याने सुसाट या, पण नवरात्रात देवळाजवळच्या बोळात शिरलात की सगळ्यांबरोबर पाऊलपाऊलच सरकायचं. तसंच हे. कार्डावरच्या मेमरीत काम चाललंय तोवर फरक दिसतो, आणि स्क्रीनवर लिहायची किंवा डिस्क वाचायची वेळ आली की पुन्हा जुनी चाल. तर "कार्ड घातलं पण फायलीची यादी तशीच हळू सरकते" ही तक्रार असेल तर तो बिघाड नाही. तिथे वेळ घालवू नका.

बसवताना होणाऱ्या चुका मी भराभर सांगतो. १९८१च्या मूळ पीसीचा पॉवर सप्लाय फक्त ६३.५ वॉटचा होता, एक्सटीचा १३० वॉटचा. मूळ पीसीत अपग्रेड कार्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घातलं तर सुरू होतानाच तो मान टाकतो, आणि लोक कार्डाला दोष देतात. त्याच पीसीचा बायोस २७ ऑक्टोबर १९८२च्या आधीचा असेल तर कार्डावरचा रॉम त्याला दिसतच नाही. मग कार्ड बदलून उपयोग काय? बायोसची चिप बदलायला हवी. एक्सटीमध्ये पॉवर सप्लायच्या बाजूचा आठवा स्लॉट इतरांपेक्षा वेगळा आहे, प्रत्येक कार्ड तिथे चालत नाही. केबलचं टोक उलटं बसवलं तर पुढचं काही सांगायला नको. आणि आपल्या हवेत, उन्हाळ्यातल्या धुळीत, स्लॉटमधले सोनेरी पट्टे काळवंडतात. खोडरबरने हलकेच पुसा, ब्रशने झटका. यात काही शास्त्रीय नाही, पण अर्धी यंत्रं एवढ्यावर सुरू होतात. सुरू होताना स्क्रीनवर आकडा आला तर लिहून घ्या: २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड, १७०१ म्हणजे हार्ड डिस्क. २०१ आला तर मदरबोर्डवरचे छोटे स्विच बघा. मदरबोर्डवर किती मेमरी आहे हे त्या स्विचवरून ठरतं, आणि काही कार्डांना ती कमी करून दाखवावी लागते. नाहीतर एकाच पत्त्यावर दोन घरं होतात.

यंत्र सुरू झालं, डॉस आलं. आता सॉफ्टवेअरची भांडणं.

पहिलं भांडण विसाव्या तारेचं. ८०८८ला पत्ता सांगायला वीस तारा होत्या, शून्यापासून एकोणीसपर्यंत. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते बसतात, म्हणजे एक मेगाबाइट. त्यापुढचा पत्ता मागितला तर तो फिरून पुन्हा शून्याजवळ यायचा. गाडीचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ झाला की परत शून्यावर येतो ना, तसा. काही प्रोग्रॅमांनी या फिरण्यावर भरवसा ठेवला होता. पुढच्या प्रोसेसरांना जास्त तारा आल्या, पत्ता फिरायचा बंद झाला, आणि ते प्रोग्रॅम पडायला लागले. आयबीएमने एटीमध्ये उपाय काय केला? पुढची जी तार, ए-ट्वेंटी, तिच्यावर एक फाटक बसवलं. फाटक बंद असलं की यंत्र जुन्यासारखं वागतं, उघडं असलं की वरची मेमरी मिळते. आणि या फाटकाची दोरी बांधली कुठे, तर कीबोर्डच्या कंट्रोलर चिपला! कारण तिच्यात एक पाय मोकळा होता. आपल्याकडे घराच्या मीटरला गोठ्यातला बल्ब जोडतात तसला प्रकार. पण चालला, आणि पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला.

आता एक्सटीत ती चिपच नाही. तुम्ही त्यात ३८६चं कार्ड घातलंत. मेमरी सांभाळणारा हायमेम नावाचा ड्रायव्हर प्रोसेसर बघतो, ३८६ दिसतो, म्हणजे हे एटीच्या पिढीचं यंत्र असं धरून चालतो. फाटकाची दोरी शोधायला कीबोर्ड कंट्रोलरकडे जातो, तिथे कोणी नाही. मग संदेश येतो, "अनेबल टू कंट्रोल ए-ट्वेंटी लाइन". हा संदेश पाहून कार्ड खराब आहे असं ठरवणारे मी पुष्कळ पाहिलेत. कार्ड ठणठणीत असतं. फाटक कार्डावरच आहे, त्याची दोरी कुठे आहे हे सांगणारा कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. इनबोर्डसाठी 'आयएनबीआरडीपीसी डॉट सिस' नावाचा होता. सहसा तो कॉन्फिग फाइलमध्ये इतर मेमरी ड्रायव्हरांच्या आधी यावा लागतो. म्हणून कार्ड घेताना फ्लॉपी मिळते का ते आधी विचारा. कार्डापेक्षा तिची किंमत जास्त आहे असं समजा.

याच घोटाळ्याचं दुसरं रूप म्हणजे इंटरप्ट. एक्सटीत इंटरप्ट सांभाळणारी एकच चिप, आठ ओळींची. एटीत अशा दोन. "३८६ आहे, म्हणजे एटीचं सगळं आहे" असं मानणारं सॉफ्टवेअर दुसरी चिप शोधत बसतं. पुढच्या काळातल्या बऱ्याच सिस्टिम एक्सटीवर चढत नाहीत, त्याचं कारण हे. त्याला ड्रायव्हरचा इलाज नाही.

दुसरं भांडण वेळेचं. इथे बसलेल्यांपैकी काहींनी कॉलेजात टर्बो पास्कल केलं असेल. नवा वेगवान प्रोसेसर घातला आणि जुना प्रोग्रॅम सुरू होताच "रनटाइम एरर २००" म्हणून बंद पडला, आठवतंय? २०० म्हणजे शून्याने भागाकार. प्रोग्रॅममध्ये शून्याने भागणारी ओळ कुठेच नसते, पोरं रात्रभर शोधत बसायची. खरा प्रकार असा: टर्बो पास्कलचा सीआरटी नावाचा भाग सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकाम्या फेऱ्या किती होतात ते मोजायचं आणि ५५ने भागायचं. उत्तर सोळा बिटांत मावलं पाहिजे, म्हणजे ६५,५३५पर्यंत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या पुढे उत्तर मावेनासं झालं. भागाकाराचं उत्तर मावलं नाही तरी प्रोसेसर तोच इशारा देतो जो शून्याने भागल्यावर देतो. म्हणून संदेश चुकीचा. विंडोज ९५लाही हाच रोग झाला. एएमडीच्या के६-२ वर, ३५० मेगाहर्ट्झ किंवा जास्त वेग असला, की ते सुरू होताना कोसळायचं, आणि त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा वेगामुळे पडणारा प्रोग्रॅम ओळखायचा असेल तर यंत्र मुद्दाम हळू करा: टर्बोचं बटण बंद, कॅश बंद. प्रोग्रॅम चालला तर दोष वेगाचा. मग दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करायची, यंत्रात नाही.

ही दोन्ही भांडणं त्रासदायक आहेत, पण प्रामाणिक आहेत. यंत्र थांबतं, ओरडतं. आता न ओरडणारा प्रकार.

१९९२मध्ये सायरिक्स कंपनीने ४८६एसएलसी आणि ४८६डीएलसी असे दोन प्रोसेसर काढले. नाव ४८६चं, पण पाय ३८६चे. म्हणजे ३८६च्या मदरबोर्डवर बसणारे. यांवर आधारलेली अपग्रेड पुष्कळ निघाली. त्यांच्या पोटात एक किलोबाइटची कॅश मेमरी होती. आज एक किलोबाइट म्हणजे हसू येईल, पण ३८६च्या पोटात काहीच नव्हतं, त्यामुळे फरक जाणवायचा. ही कॅश यंत्र सुरू होताना बंद असते. जुन्या बायोसला ती आहे हेच माहीत नसतं. सोबतचा छोटा प्रोग्रॅम चालवला की ती चालू होते. आणि तिथेच गोम आहे.

कॅश म्हणजे काय, तर तलाठ्याच्या खिशातली वही समजा. प्रत्येक वेळी दप्तरखान्यात जाऊन मोठं रजिस्टर उघडण्यापेक्षा त्याने लागणारी चार पानं खिशातल्या वहीत उतरवून घेतली. काम झपाट्याने होतं. पण रजिस्टरमध्ये दुसरंच कोणी नोंद बदलत असेल तर? पीसीत असं दुसरं कोणी आहे. त्याला डीएमए म्हणतात. फ्लॉपी वाचताना मजकूर प्रोसेसरच्या हातून जात नाही, डीएमए चिप तो परस्पर मेमरीत ठेवते. ३८६ला खिशात वही नव्हती, त्यामुळे त्या मदरबोर्डवर "अहो, रजिस्टर बदललंय, तुमची वही फाडा" असं सांगणारी तार प्रोसेसरपर्यंत आणण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. आता तिथे वही असलेला प्रोसेसर बसला. डीएमएने मेमरीत नवा मजकूर ठेवला, प्रोसेसर वहीत बघतो, तिथे जुना. तो जुनाच पुढे लिहितो. कुठलाही संदेश येत नाही.

आता याची लक्षणं बघा, फार गमतीशीर आहेत. एटीच्या पद्धतीत आयडीई हार्ड डिस्कचा मजकूर प्रोसेसर स्वतः उचलतो, तिथे डीएमए नाही. म्हणून हार्ड डिस्कवरचं सगळं काम बिनचूक चालतं. फ्लॉपीवरून घेतलेल्या फायलीत मात्र मधेच कचरा. साउंड कार्डात खरखर. आणि स्वतः मेमरीत लिहिणारं स्कझी कार्ड असेल तर त्याच्या डिस्कवर कहर. असा ठरावीक ठिकाणी होणारा बिघाड दिसला की फ्लॉपी ड्राइव्ह बदलू नका. कॅश बंद करून बघा.

तपासणी कशी करायची? एक मोठी फाइल फ्लॉपीवरून आत घ्या, बाहेर पाठवा, आणि मूळ फाइलशी तुलना दुसऱ्या, भरवशाच्या यंत्रावर करा. त्याच यंत्रावर तुलना करू नका, कारण मग आरोपीच पंचनामा लिहितोय. एकदा कॅश चालू ठेवून, एकदा बंद ठेवून, आणि दोन्ही वेळा चार-पाच फेऱ्या. एका फेरीत बिघाड दिसला नाही म्हणजे तो नाही, असं होत नाही.

उपाय आहेत. काही अपग्रेडमध्ये वही फाडायची तार वेगळी जोडता येते. नसेल तर सायरिक्समध्ये अशी सोय आहे की दुसऱ्या कोणी मेमरीचा ताबा मागितला की प्रत्येक वेळी सगळी कॅश रिकामी करायची. याची किंमत मोजावी लागते, कारण काही बोर्डांवर मेमरी ताजी ठेवण्यासाठीसुद्धा साधारण दर पंधरा मायक्रोसेकंदांनी ताबा मागितला जातो. वही भरायच्या आत फाडली जाते, आणि वेग जवळजवळ पूर्वपदावर. तरी मी म्हणेन, तो हळू वेग घ्या. शिवाय ६४० किलोबाइट ते एक मेगाबाइट हा पट्टा, जिथे व्हिडिओ आणि इतर कार्डांच्या खिडक्या असतात, तो कॅशमधून वगळा. आणि प्रत्येक मेगाबाइटचे पहिले ६४ किलोबाइटही, कारण तिथे मघाचं ए-ट्वेंटीचं फाटक गोंधळ घालतं. प्रोसेसरसोबतच्या प्रोग्रॅममध्ये या दोन्हींची सोय असते.

हे सगळं आपल्या दृष्टीने महत्त्वाचं का? आपल्याकडच्या जुन्या पीसींमध्ये आणखी एक पाहुणा सापडू शकतो: जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. हे कार्ड स्लॉटमध्ये घातलं की डीबेस, वर्डस्टार, लोटस असल्या डॉसच्या मजकुरी प्रोग्रॅमांत देवनागरी लिहिता-वाचता यायची. युनिकोड आपल्या टेबलावर यायच्या कितीतरी आधी या राज्यात मराठीत याद्या झाल्या, त्यातल्या पुष्कळ अशा झाल्या. त्या यादीची दुसरी प्रत नसेल, कागद वाळवीने खाल्ला असेल, तर त्या डिस्कवर जे आहे तेच आणि तेवढंच. अशा यंत्रात वेगाच्या हौसेपायी प्रोसेसर बदलणं आणि त्याच यंत्रावर फ्लॉपीतून मजकूर आत-बाहेर करणं म्हणजे काय, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. इंग्रजी यादीत एक बाइट बिघडला तर स्पेलिंगची चूक वाटते, डोळ्याला टोचते. मराठीत "पाटील"चं "पाटिल" झालं तर कोणी थांबतसुद्धा नाही, आणि आकडा बदलला तर कळायला मार्गच नाही.

म्हणून अशा यंत्राला हात लावायच्या आधी मजकूर बाहेर काढा, आणि तो जुन्याच प्रोसेसरवर काढा. अपग्रेड नंतर, प्रती दोन झाल्यावर.

प्रश्न : आमच्याकडे जिस्टमधल्या फायली आहेत, पण कार्ड बंद पडलंय. मजकूर गेला का?

नाही. कार्ड अक्षरं दाखवतं, मजकूर फाइलमध्येच असतो. इस्की नावाच्या आठ बिटी संकेतात. १९९१मध्ये ते भारतीय मानक झालं, आणि युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. त्यामुळे रूपांतर करता येतं, फक्त हलन्त आणि नुक्त्याचे नियम थोडे वेगळे आहेत, ते तपासा. एक सांभाळा: सीरियल केबलने फाइल पाठवताना जोडणी आठ बिटांची ठेवा. सात बिटांची ठेवली तर वरचा बिट गळतो, आणि सगळ्या मराठीचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. तो परत मराठी करता येत नाही, कारण आधीपासूनचं इंग्रजी कुठलं आणि झालेलं कुठलं हे कळत नाही. वर्डस्टारचा डॉक्युमेंट मोडही तो आठवा बिट स्वतःच्या कामाला वापरतो, त्यामुळे त्यात उघडून सेव्ह करू नका.

प्रश्न : ४८६च्या बोर्डवर नंतरचे प्रोसेसर बसवता येतात का?

बसतात, पण तिथे पहिला प्रश्न व्होल्टेजचा. जुने ४८६ पाच व्होल्टवर चालायचे. एएमडीचा १३३ मेगाहर्ट्झचा ५x८६ जवळपास साडेतीन व्होल्टचा आहे. पाय जुळतात म्हणून पाच व्होल्टच्या बोर्डवर तसाच लावला तर जळतो. मध्ये व्होल्टेज उतरवणारा तुकडा लागतो. इंटेलच्या ८३ मेगाहर्ट्झच्या पेंटियम ओव्हरड्राइव्हमध्ये तो अंगचाच आहे, पंख्यासकट. बोर्डवर व्होल्टेजचा जम्पर असला तरी त्याच्या छापील खुणेवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. ५x८६ला वेग चौपट हवा असेल तर जम्पर दुपटीवर ठेवायचा असतो, हेही ऐकायला उफराटं वाटतं, पण तसंच आहे.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधलं एक मोजमाप यंत्र एटीवर चालतं. फार हळू आहे. कार्ड घालू का?

हळू म्हणजे काम अडतंय की फक्त बघवत नाही? अडत नसेल तर घालू नका. अशा यंत्रांचे प्रोग्रॅम पुष्कळदा रिकाम्या फेऱ्या मोजून वेळ धरतात, मघाशी पास्कलचं सांगितलं तसं. वेग वाढला की मोजमाप चुकेल, आणि स्क्रीनवर आकडा तर येत राहील. तुमच्या पैशांतून आधी एक चांगला पॉवर सप्लाय घ्या, हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा, आणि आतल्या सगळ्या जम्परांचे फोटो काढून त्याच कॅबिनेटला आतून चिकटवा.